दोन जिवांचा एकच आकडा

मानमोडी हा शब्द आता घरात ऐकू येत नाही. माझ्या पिढीने तो आज्यांच्या तोंडून ऐकला. 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ म्हणजे मानमोडी. मी शाळेत जो इतिहास शिकवला त्यात 1918 म्हणजे पहिल्या महायुद्धाचा शेवट. मानमोडीला त्यात जागा नव्हती. महायुद्धात हिंदुस्थानचे जेवढे सैनिक पडले त्याच्या कित्येक पट माणसे इथे घरात अंथरुणावर मेली, तरीही!

साथ मुंबईत उतरली ती जून 1918 मध्ये, बंदरातून. गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई पहिल्यांदा आजारी पडले. ती लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली आणि तिने कंबरडे मोडले. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. मग ती मुलूखभर पसरली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हे सर्वांत जास्त पोळले. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग.

एकूण किती गेले? सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी 1919 मध्ये 60 लाखांचा अंदाज दिला. 1921 च्या जनगणनेने तो दुप्पट केला. 1951 साली किंग्जली डेव्हिस दोन कोटींच्या घरात पोहोचले, 1986 मध्ये मिल्स यांनी 1 कोटी 70 ते 80 लाख म्हटले. साठ लाख कुठे आणि दोन कोटी कुठे! एवढी तफावत का, हे कळायला खेड्यातली नोंद कशी होत असे ते पाहावे लागते.

नोंदीचे काम पाटील-कुलकर्ण्यांकडे. रकाने मोजके. पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार-हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, आणि उरलेले सगळे 'इतर'. गावात डॉक्टर नाही, तेव्हा घरचे सांगतील ते कारण. अंग तापले होते ना? मग ताप. मानमोडीचे बहुतेक बळी असे 'ताप' होऊन गेले. आणि साथ ऐन भरात असताना नोंद करणारेच अंथरुणाला खिळलेले किंवा गेलेले, म्हणून पुष्कळ ठिकाणी नोंद झालीच नाही.

आता या रकान्यांत गर्भारशी बाई शोधून दाखवा.

ती आहे, पण 'ताप' मध्ये आहे. सातव्या महिन्यात ताप आला, मूल पोटातच गेले, मागोमाग आई गेली, तर कागदावर एक मृत्यू, कारण ताप. गर्भार होती हे लिहायला जागाच नव्हती. मुंबई पालिकेने या साथीतले मृत्यू जातवार मोजले. तथाकथित खालच्या जातींच्या हिंदूंमध्ये हजारी 61.6 आणि युरोपियनांमध्ये 8.3, असे ते आकडे आहेत, आणि मुंबईत कोण कसे राहत होते हे तेवढ्यावरून समजते. जात विचारता येत होती. पोटात मूल होते का, हे मात्र कुणी विचारले नाही.

अमेरिकेत हॅरिस नावाच्या डॉक्टरने 1919 मध्ये इतर डॉक्टरांकडून माहिती मागवून या साथीत आजारी पडलेल्या 1350 गर्भवतींचा हिशेब मांडला. त्यातल्या सुमारे 27 टक्के दगावल्या होत्या. न्यूमोनिया झाला तर निम्म्याहून अधिक. आपल्याकडे बायका शेवटी जेवणाऱ्या, आणि घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार करणाऱ्याही त्याच. आपल्याकडच्या खुणा आडून मिळतात. 1921 च्या जनगणनेने नोंदवले की या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त गेल्या. मिल्स यांना मुंबई इलाख्यात सर्वाधिक फटका वीस ते चाळीस वयाच्या माणसांना बसलेला दिसला, म्हणजे बाळंतपणाचेच वय. आणि 1919 मध्ये जन्मांची नोंद घसरली.

आमच्या घरी माझ्या आजोबांची पहिली पत्नी त्या दसऱ्याच्या सुमारास गेली. नातेवाइकांना हे माहीत आहे. पण ती दोन जिवांची होती, हे फक्त आत्येआजी सांगायची, तेही बायकांमध्ये, आवाज खाली करून. माझी आजी ही दुसरी पत्नी, तेव्हा आम्ही सारे त्या मरणानंतरचेच. असो.

शंभर वर्षांनी कोविड आला तेव्हा रकाना होता. आजच्या मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावर स्त्री असल्यास गरोदरपणाशी मृत्यूचा संबंध होता का, प्रसूती झाली होती का, असे प्रश्न छापलेले असतात. गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर 42 दिवसांत, गरोदरपणामुळे बळावलेल्या आजाराने मृत्यू आला तर तो मातामृत्यू, अशी व्याख्याही ठरलेली आहे. पण 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहिलेले होते जेमतेम 22.5 टक्के. बाकीच्यांना तो प्रश्न कोण विचारणार?

जिथे विचारले तिथे दिसले. आयसीएमआरच्या मुंबईतल्या संस्थेने कोविड झालेल्या गर्भवती व बाळंतिणींची 'प्रेगकोविड' नावाची नोंदवही ठेवली. पहिल्या लाटेतल्या 1143 जणींत मृत्यूचे प्रमाण 0.7 टक्के, दुसऱ्या लाटेतल्या 387 जणींत 5.7 टक्के. आठपट! हे आकडे जून 2021 मध्ये बाहेर आले आणि 2 जुलैला गर्भवतींना लस घेण्याची परवानगी मिळाली. दुसरी लाट तोवर ओसरली होती. नमुना पाहणीत महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण 2018-20 मध्ये लाख जन्मांमागे 33 होते, ते 2019-21 मध्ये 38 झाले. देशाचे त्याच काळात 97 वरून 93 वर उतरले. आपलेच का चढले, यावर वर्तमानपत्रांत मला फारसे काही वाचायला मिळाले नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरी मानमोडीत गेलेली कोणी काकू, आजी, पणजी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. ती गेली एवढेच विचारू नका, कितवा महिना होता तेही विचारा, आणि मला कळवा.