दप्तर कोणाच्या घरात? माणगाव ते डेटा सेंटर

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. आज हातकणंगले तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा कागल जहागिरीत होते. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते आणि छत्रपती शाहू महाराज स्वतः हजर होते. दरवर्षी आपण माणगावला अभिवादन करतो. पण त्याआधी करवीर संस्थानात काय घडले होते, तेही आठवले पाहिजे.

२६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. असे का केले? जमीन कोणाची, सारा किती, देणे कोणाचे, हे सगळे कुलकर्ण्याच्या घरातल्या दप्तरात असे. रयतेला वाचता येत नव्हते. ज्याच्या घरात दप्तर, त्याच्या हातात गाव! महाराजांनी दप्तर वतनदाराच्या घरातून बाहेर काढले.

आता आजचे दप्तर पाहा. आपले बँक व्यवहार, फोटो, संदेश डेटा सेंटरमध्ये साठतात. महाराष्ट्रात त्यांची गर्दी नवी मुंबईत आहे, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. महापेत कंट्रोल-एस आणि जपानची एनटीटी आहे. पनवेलला हिरानंदानी समूहाचे योट्टा २०२० मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये इथून क्लाउड सेवा सुरू केली. अनेकदा इमारत, वीज आणि कूलिंग एका कंपनीचे असते, आतले सर्व्हर भाडेकरू कंपनीचे असतात. माहिती मात्र तुमची-आमची.

हे सारे निव्वळ खासगी भांडवलावर उभे आहे का? नाही. केंद्राने २०२२ मध्ये डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कात सवलती आहेत. म्हणजे जनतेचा महसूल सोडला जातो. पण कलम १६(४) चे आरक्षण सरकारी नोकरीपुरते आहे, ते या कंपन्यांच्या दारातच थांबते. सवलत सार्वजनिक आणि भरती खासगी, हा कुठला न्याय?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात वीज हा विषयही बाबासाहेबांकडे होता. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. ज्या उद्योगावर इतर सारे उद्योग आणि कारभार चालतो, तो मूलभूत नाही तर काय?

मित्रांनो, डेटा सेंटर नको, असे आपले म्हणणे नाही. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने अभियंत्यापासून सुरक्षारक्षकापर्यंतच्या भरतीची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी, आणि सवलतीच्या करारातच आरक्षणाची अट असावी. सरकारी दप्तर सरकारच्याच ताब्यात राहावे. शाहू महाराजांनी वतनदाराच्या घरातून काढलेले दप्तर कंपनीच्या घरात जाऊ द्यायचे का, हे आपण ठरवायचे आहे.

जय भीम!