सांध्यांची अतिलवचीकता आणि चिंताविकार

सांधे नेहमीच्या मर्यादेपलीकडे वळणाऱ्या व्यक्तींमध्ये चिंताविकार, विशेषतः पॅनिक विकार (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) व अगोराफोबिया (गर्दीची वा सुटका अवघड वाटणाऱ्या जागांची भीती), अधिक प्रमाणात आढळतात असा वैद्यकीय निष्कर्ष.

मोजमाप : बायटन गुणांकनात एकूण ९ गुण असतात. करंगळी ९० अंशांहून अधिक मागे वळणे, अंगठा मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूला टेकणे, कोपर व गुडघा १० अंशांहून अधिक मागे जाणे यांना प्रत्येक बाजूस एक गुण, तर गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकल्यास एक. लवचीकता वयानुसार घटते. स्त्रियांत आणि आशियाई लोकांत ती जास्त दिसते. मुंबईतील मुलांच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक निरोगी मुले अतिलवचीक ठरली. त्यामुळे अतिलवचीकता ठरवणारी युरोपातील गुणांची सीमारेषा आपल्याकडे जशीच्या तशी लावणे योग्य नव्हे.

संशोधन : या विषयाचे मूळ बार्सिलोनात आहे. आंतोनी बुल्बेना व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संधिवात विभागातील रुग्णांवरून हा संबंध प्रथम मांडला. त्यांच्या १९९३ च्या अभ्यासात अतिलवचीक रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांना चिंताविकार होता, तुलनागटात सुमारे २२ टक्क्यांना. १९९८ मध्ये याच शहरातील गटाने प्रश्न उलट बाजूने तपासला. पॅनिक किंवा अगोराफोबियाचे नवे निदान झालेल्या, उपचार सुरू न झालेल्या ९९ रुग्णांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक अतिलवचीक निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या दोन गटांत हे प्रमाण १० ते १३ टक्के होते. दोन्ही दिशांनी एकच उत्तर येणे हा या संबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

जनुकीय कारण वादग्रस्त आहे. २००१ मध्ये बार्सिलोनातूनच १५ व्या गुणसूत्रावरील एका भागाच्या द्विरावृत्तीकडे बोट दाखवले गेले; इतर प्रयोगशाळांना ती आढळली नाही.

कार्यकारणभाव : संयोजी ऊतक सैल असल्यास उभे राहताना रक्त पायांत साचते व हृदय धडधडते; ही धडधड मेंदू धोक्याची खूण समजत असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. इंग्लंडमध्ये जेसिका एक्ल्स यांच्या गटाला २०१२ मध्ये निरोगी अतिलवचीक व्यक्तींच्या मेंदूतील अमिग्डला (भीतीशी निगडित भाग) दोन्ही बाजूंना मोठी आढळली. मात्र सांधे सैल असलेली प्रत्येक व्यक्ती चिंताग्रस्त नसते.

निदान : करंगळी तपासायला मिनिटही लागत नाही. धडधड, घेरी, छातीतील भीती सांगणाऱ्या रुग्णाला ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे सांगून परत पाठवण्यापूर्वी ही तपासणी व्हायलाच हवी. सांधेदुखीच्या रुग्णालाही भीतीबद्दल विचारणे तितकेच आवश्यक आहे.

उपचार : स्नायूंना बळ देणारा व्यायाम व चिंताविकाराचे प्रचलित उपचार.