टपालातला कचरा आणि बेझची चाळणी

रावेरच्या एखाद्या केळी-उत्पादक संघाने स्वतःचा टपाल-सर्व्हर बसवला आहे, अशी कल्पना करू. दिल्लीच्या व्यापाऱ्याचे पत्र येते : ‘उद्या दोन ट्रक केळी हवीत, ताबडतोब कळवा.’ त्याच सकाळी लॉटरी, कर्ज आणि औषधांच्या जाहिरातींची रासही पडते. ही रास, म्हणजे स्पॅम, अडवायला सर्व्हरवर कोणती चाळणी बसवावी? चार जाहिराती आत आल्या तर मिनिटभर वाया जाईल. पण व्यापाऱ्याचे पत्र अडकले, तर घड शेतातच पिकतील.

या रोगाचा पहिला ठळक दाखला ३ मे १९७८ चा आहे. अमेरिकेतील डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात धाडली. तेव्हा जाळ्यावरची मंडळी मोजकी, बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोचवण्याचे नियम लिहिले, तेही याच भरवशावर. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव खोटे असले, तरी ते तपासण्याची सोय त्यांत नव्हती. आपल्याकडे १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेटमुळे संशोधन संस्थांना ई-मेल मिळाली. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, तोवर परदेशात हा कचरा चांगलाच माजला होता.

पहिला उपाय पोलिसी होता. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी यांनी कचरा धाडणाऱ्या संगणकांच्या क्रमांकांची काळी यादी चालवली. उपाय झटपट, पण आंधळा. सेवादाराचा क्रमांक यादीत गेला, की त्याच्या सर्व निरपराध ग्राहकांचे टपाल अडते. जिथे सेवादार एकदोनच, तिथे हे फार महाग पडते.

दुसरी वाट गणिताची. इंग्लंडमधील धर्मोपदेशक टॉमस बेझ यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. १९९८ मध्ये मेहरान सहामी आणि सहकाऱ्यांनी ती कल्पना टपालाला लावली. पॉल ग्रॅहॅम यांच्या २००२ च्या लेखामुळे ती सर्वत्र पसरली.

आपल्या संघाचेच उदाहरण घेऊ. समजा, १०० खऱ्या पत्रांपैकी २० मध्ये आणि १०० जाहिरातींपैकी एकीत ‘केळी’ हा शब्द आहे. ‘ताबडतोब’ मात्र २ पत्रांत आणि १८ जाहिरातींत सापडतो. नुसते ‘ताबडतोब’ पाहिले, तर व्यापाऱ्याचे पत्र नऊ हिश्श्यांनी जाहिरातच ठरेल. दोन्ही शब्द एकमेकांवर अवलंबून नाहीत असे धरून गुणाकार केला, तर खऱ्याच्या बाजूला २० × २ = ४० आणि खोट्याच्या बाजूला १ × १८ = १८. पत्र खरे असण्याची शक्यता ५८ पैकी ४०, म्हणजे सुमारे ६९ टक्के! पण हा ‘केळी’चा गुण रावेरचाच. मुंबईच्या एखाद्या बँकेत त्याला काहीच वजन नसेल. म्हणून ही चाळणी आपल्याच टपालावर शिकवावी लागते. तयार मिळणारे इंग्रजी नियम मराठी पत्रांना फारसे उपयोगी नाहीत. शिवाय काही साधनांत अनोळखी भाषेलाच दंड करण्याची सोय असते, ती बंद आहे ना हे आधी पाहावे.

जस्टिन मेसन यांचे स्पॅम-असॅसिन (२००१) अनेक खुणांना गुण देऊन बेरीज करते. मूळ मांडणीत पाच गुण झाले, की टपाल संशयित. या बेरजेत काळी यादीही एक साक्षीदार म्हणून येते, न्यायाधीश म्हणून नव्हे. आम्हाला हीच मांडणी पटते. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी आणखी एक गमतीदार युक्ती सुचवली : अनोळखी टपालाला ‘थोड्या वेळाने या’ म्हणायचे. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला जाहिरातवाला बहुधा येत नाही. मात्र भाव तासातासाला बदलत असताना ही वाट पाहणे संघाला परवडणार नाही.

आमच्याकडेही एकदा एका विद्यार्थ्याचा अर्ज संशयितांच्या कप्प्यात दहा दिवस पडून राहिला. तेव्हापासून साधन निवडताना आम्ही महिन्याभराचे टपाल आधी हाताने निवडतो. अर्ध्यावर चाळणी शिकवतो, उरलेल्या अर्ध्यावर तपासतो, आणि किती कचरा अडला यापेक्षा किती खरी पत्रे अडकली हा आकडा आधी पाहतो. वर्गात हाच प्रयोग चिठ्ठ्यांवर करता येईल. पन्नास खरी वाक्ये, पन्नास जाहिराती, आणि फळ्यावर शब्दांची मोजणी.