चेरोकी कन्याशाळेतील वर्तमानपत्र

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ च्या ६ जानेवारीस निघाले. एका रकान्यात इंग्रजी, शेजारी मराठी. हीच जोडभाषेची योजना त्यापूर्वी चार वर्षे अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी लोकांनी अमलात आणिली होती, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. सिक्वोया नामक चांदीकाम करणाऱ्या कारागिरास इंग्रजी अक्षरही वाचता येत नसे. त्याने १८२१ च्या सुमारास स्वभाषेसाठी लिपी निर्मिली आणि १८२८ मध्ये तिच्यात ‘चेरोकी फीनिक्स’ हे पत्र छापले जाऊ लागले. पुढे १८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने या लोकांस स्वभूमीतून हुसकून पश्चिमेस हाकलले; त्यात हजारो माणसे दगावली.

नव्या प्रदेशात बस्तान बसल्यावर त्यांनी १८५१ मध्ये पार्क हिल येथे मुलींची निवासी शाळा उघडली. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल ज्यांस परिचित आहे, त्यांस हीही एखादी मिशनची संस्था वाटेल. तसे नव्हते. शिक्षिका दूरच्या मॅसॅच्युसेट्समधून आणविलेल्या असत, परंतु पैसा आणि सत्ता चेरोकी राष्ट्राचीच. या शाळेतील विद्यार्थिनींनी १८५४ मध्ये ‘चेरोकी रोझ बड्स’, म्हणजे गुलाबाच्या कळ्या, हे पत्र काढिले. संपादिकाही विद्यार्थिनीच.

मजकूर बहुतांशी इंग्रजी. चेरोकी लिपीतला थोडका. जुन्या झोपडीचे व चालीरीतींचे वर्णन या मुली किंचित नाक मुरडूनच करितात, आणि नीटनेटक्या ‘सुधारलेल्या’ घराचे कौतुक करितात. हे पाहून आम्हांस खंत वाटते, नवल वाटत नाही. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढीतही हा सूर काही कमी नव्हता!

‘ना-ली’ या नावाने लिहिणारीचा लेख मात्र निराळा आहे. शाळेत मिश्र रक्ताच्या, सधन घरच्या मुलींचा भरणा होता, व शाळा त्यांच्याचसाठी आहे, असा लोकप्रवाद होता. ना-लीचे आईबाप शुद्ध चेरोकी आणि सामान्य स्थितीतले. ती हा प्रवाद खोडून काढिते आणि आपल्यासारख्या घरच्या मुलींस शिकण्याचे आवाहन करिते. बुद्धी रक्ताच्या मिश्रणाने येत नाही, हे तिला कोणाच्या ग्रंथातून शिकावे लागले नव्हते. सबंध पत्रातील हाच लेख आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

द्रव्याभावी १८५७ च्या सुमारास शाळा बंद पडली. पुढे ती पुन्हा उघडली; १८८७ मध्ये इमारत आगीत जळाली. तिचे विटांचे तीन खांब पार्क हिल येथे अद्याप उभे आहेत.