लांबलेलं रिलीज

'स्कोप वाढला, डेडलाईन गेली' हे आपल्या धंद्यात शिवीसारखं वापरलं जातं. पण विसाव्या शतकातली एक थोर कादंबरी नेमकी अशीच घडली. मार्सेल प्रूस्तची 'हरवलेल्या काळाच्या शोधात'.

चहात भिजवलेल्या केकच्या चवीबरोबर लहानपणचं अख्खं गाव आठवणारा माणूस, एवढं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. पुस्तकाची स्वतःची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

पॅरिसच्या एकामागून एक प्रकाशकांनी हे बाड परत पाठवलं. त्यात आंद्रे जीदची मंडळीही होती. अखेर नोव्हेंबर १९१३ मध्ये बर्नार ग्रासेने पहिला भाग काढला, तोही प्रूस्तच्याच खर्चाने! दोन महिन्यांत जीदने पत्र लिहून माफी मागितली. प्लॅन होता एकूण तीन भागांचा.

मग ऑगस्ट १९१४. महायुद्ध. ग्रासे सैन्यात, प्रकाशनाचं काम बंद, दुसऱ्या भागाची प्रुफं तशीच पडून. त्याच मे महिन्यात प्रूस्तचा जिवलग, त्याचा सेक्रेटरी आल्फ्रेद आगोस्तिनेल्ली, विमान समुद्रात कोसळून गेला होता. दम्याने बेजार प्रूस्त बुचाच्या अस्तराच्या खोलीत रात्र रात्र लिहीत राहिला. वहीत जागा संपली की कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, त्या संपल्या की आणखी. पहिल्या आराखड्यात जिचं फारसं स्थान नव्हतं ती आल्बेर्तीन कादंबरीचा मोठा हिस्सा व्यापून बसली. अभ्यासक त्याचा संबंध आगोस्तिनेल्लीच्या मृत्यूशी लावतात. तीनाचे झाले सात भाग.

सगळ्यात भारी बदल पुढे आहे. नायकाचं गाव कोंब्रे हे प्रूस्तच्या आजोळ-पणजोळचं नव्हे, तर वडिलांकडचं इलिये, शार्त्रजवळचं. १९१३ च्या आवृत्तीत कोंब्रेही तिकडेच होतं. युद्धानंतर प्रूस्तने ते उचलून थेट ईशान्येला, रँसच्या बाजूला नेऊन ठेवलं. का? तर शेवटच्या भागात जर्मन फौजा तिथून जाव्यात म्हणून. लहानपणी फुलांनी डवरलेली पायवाट आता लढाईचं ठिकाण होते. आठवणीतलं गाव सुरक्षित असतं हा आपला समजच तो मोडून टाकतो.

१९१९ मध्ये दुसऱ्या भागाला गोंकूर पुरस्कार मिळाला, सहा विरुद्ध चार मतांनी. हरलेलं पुस्तक होतं रोलां दोर्जेलेसची खंदकांवरची कादंबरी! बरीच ओरड झाली. १८ नोव्हेंबर १९२२ ला प्रूस्त गेला. शेवटचे तीन भाग त्याच्यामागे आले, शेवटचा १९२७ मध्ये.

युद्धाचे आभार मानायचं कारण नाही, लाखो पोरं मेली त्यात. पण वेळेत छापलं असतं तर काळ हरवण्याबद्दलचं हे पुस्तक खुद्द लेखकाचा काळ हरवायच्या आधीच संपलं असतं, असं मला वाटतं. आठवणीला मधे काही वर्षं जावी लागतात. ती कुठल्याच शेड्यूलमध्ये बसत नाहीत.

असो. सात भागांना घाबरू नका. पहिला तरी घ्या, आणि सावकाश वाचा.