मराठीतला अर्ज: एका साध्या हक्काचा इतिहास

'सरकारी कचेरीत मराठीत अर्ज दिला तर चालतो का?' हा प्रश्न सीमाभागातल्या वकिलाला जितक्या वेळा विचारला जातो, तितका दुसरा कोणताही कायद्याचा प्रश्न विचारला जात नसेल. विचारणारा बहुधा आवक विभागाच्या खिडकीवरून परत फिरलेला असतो. त्याच्या हातात दोन पानी निवेदन असते आणि 'हे इथे चालत नाही' एवढेच उत्तर त्याला तोंडी मिळालेले असते. नकार लेखी कधीच नसतो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आमचे उत्तर 'चालतो' असे आहे. परंतु हा होकार एका कलमातून आलेला नाही. निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या कारणांनी झालेल्या कायद्यांचे थर एकावर एक साचून तो तयार झाला आहे. कोणत्या थराने काय दिले आणि काय दिले नाही हे ठाऊक असेल, तरच कोणत्या खिडकीवर काय मागायचे ते कळते. म्हणून हा इतिहास.

कचेरीची भाषा आणि लोकांची भाषा

प्रारंभी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. कचेरीची भाषा ही लोकांच्या भाषेची सावली असते, असे या भागात कधीच नव्हते. पेशवाईच्या काळात येथला महसुली व्यवहार मोडी लिपीतल्या मराठीत चाले. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि १८३६ साली धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला, तरी कचेऱ्यांत आणि शाळांत मराठीचे वजन बराच काळ टिकून होते. ज्या गावांत घरोघरी कन्नड बोलली जात होती, तेथील रयतेलाही मराठी कारकुनाच्या कागदावर अंगठा उठवावा लागे. कन्नड शाळा निघाव्यात म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्यांना झटावे लागले. पुढे १८९० साली धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, तो याच अस्वस्थतेतून.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. ज्याला न वाचता येणाऱ्या कागदावर सही करावी लागते, त्याचे दुःख भाषेगणिक बदलत नाही. कन्नड भाषिकांची तेव्हाची तक्रार रास्त होती. तीच तक्रार आज मराठी भाषिक करतात, तेव्हा तीही तितकीच रास्त ठरते. आपली मागणी सूड म्हणून मांडली की तिचे बळ जाते. तत्त्व म्हणून मांडली की टिकते.

१९०८ चे दोन कायदे

इंग्रजी अमदानीतल्या दोन कायद्यांनी या प्रश्नाचा व्यवहारी विचार केला होता आणि ते दोन्ही आजही लागू आहेत. पहिला १९०८ चा नोंदणी कायदा. त्याच्या कलम १९ नुसार, नोंदणीसाठी आलेला दस्त नोंदणी अधिकाऱ्याला न कळणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्वसाधारणपणे न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असेल, तरच तो नाकारायचा. सोबत खरे भाषांतर आणि खरी नक्कल दिली असेल, तर तेव्हाही नाही. या कलमात 'राजभाषा' हा शब्दच नाही. कसोटी आहे ती जिल्ह्यात भाषा वापरात आहे की नाही याची. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जिल्ह्यात मराठी खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि मृत्युपत्रे झाली, तेथे मराठी ही वापरातली भाषा नाही असे म्हणायला कोण धजेल?

दुसरा त्याच वर्षीचा दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा. कलम १३७ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या हाताखालील न्यायालयांची भाषा कोणती, हे राज्य सरकार ठरवते. म्हणजे दस्ताच्या बाबतीत लोकांचा वापर निर्णायक, तर न्यायालयाच्या बाबतीत सरकारचा आदेश. एकाच वर्षीच्या दोन कायद्यांतला हा भेद ज्याला समजला, तो नोंदणी कार्यालयात न्यायालयाचा नियम ऐकून घेणार नाही.

राज्यघटनेचे वचन

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेत अनुच्छेद ३५० आहे. गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे निवेदन देताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे, असा त्याचा आशय. येथे लोकसंख्येच्या टक्केवारीची अट नाही. अर्जदार अल्पसंख्याक समाजाचा असावा अशीही अट नाही. राज्यात ती भाषा वापरात असली की पुरे.

मात्र वकील या नात्याने आम्हाला त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे कलम निवेदन देण्याचा हक्क देते. उत्तर त्याच भाषेत मिळण्याचा हक्क देत नाही. शिवाय ते गाऱ्हाण्याच्या निवेदनापुरते आहे. विहित नमुन्यातला प्रत्येक फॉर्म, प्रत्येक दाखला त्यात बसवता येत नाही. चळवळीच्या व्यासपीठावरून 'घटनेने सर्व कागद मराठीत देण्याची हमी दिली आहे' असे सांगितले जाते, ते याच कारणाने अपुरे ठरते. अर्ज आत जाण्याची वाट घटनेने १९५० साली मोकळी केली. कागद बाहेर येण्याची वाट इतर कायद्यांत शोधावी लागते.

१ नोव्हेंबर १९५६

राज्य पुनर्रचनेच्या दिवशी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी काय बदलले आणि काय बदलले नाही, हे पाहण्यासारखे आहे. पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मुळे जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, त्या त्या भागात तसेच चालू राहिले. १८७९ ची मुंबई जमीन महसूल संहिता येथे १९६४ चा नवा महसूल कायदा येईपर्यंत लागू होती. शेतकऱ्याचा कायदा तोच राहिला. कायदा सांगणाऱ्याची भाषा बदलत गेली.

हे होणार याची जाणीव दिल्लीला होती. म्हणूनच त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ३५०-अ व ३५०-ब ही दोन कलमे जन्माला आली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एका विशेष अधिकाऱ्याची तरतूद केली. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे हे कार्यालय १९५७ साली सुरू झाले आणि पुढे त्याचे एक विभागीय कार्यालय बेळगावातच आले. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. आयुक्त कोणत्याही कचेरीला हुकूम सोडू शकत नाहीत, हे खरे. परंतु ज्या तक्रारीची नोंद नाही, ती अहवालात येणार नाही. आणि जी अहवालात नाही, ती संसदेच्या दृष्टीने घडलेलीच नाही.

१९५६ च्या केंद्रीय निवेदनाने आणखी एक सूत्र घालून दिले. ज्या भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. जिल्ह्याच्या कारभाराची अतिरिक्त भाषा म्हणून मान्यता मिळण्यासाठी मात्र ७० टक्क्यांची पातळी होती; १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ती ६० टक्क्यांवर आणली गेली.

या दोन आकड्यांतच सीमाभागाचे पुढचे प्राक्तन दडले आहे. संपूर्ण जिल्हा धरला, तर मराठी भाषिक ६० टक्क्यांच्या जवळपासही नाहीत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड मातृभाषा असलेले सुमारे ६८ टक्के, तर मराठी मातृभाषा असलेले सुमारे १९ टक्के होते. जिल्ह्याच्या राजभाषेचा दावा या आकड्यांवर उभा राहत नाही. परंतु १५ टक्क्यांची अट तालुक्यापुरती पाहण्याचीही गरज उरत नाही. ती संपूर्ण जिल्ह्यातच पूर्ण होते. आपण वर्षानुवर्षे मोठ्या आकड्यासाठी भांडलो आणि हाताशी असलेला लहान आकडा पुरेसा वापरला नाही, असे इतिहास सांगतो.

राज्याचा स्वतःचा कायदा

१९६३ च्या राजभाषा कायद्याने कन्नडला राज्याची राजभाषा केले. १९८१ साली स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा स्वतंत्र कायदा झाला आणि नगरपालिका, पंचायती यांचा कारभार कन्नडमध्ये आला. याच कायद्यात एक सवलत आहे: जेथे भाषिक अल्पसंख्याक स्थानिक लोकसंख्येच्या किमान १५ टक्के असतील, तेथे त्यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी त्यांची भाषा वापरण्याची मुभा. केंद्राने १९५६ साली सुचवलेला आकडा पंचवीस वर्षांनी बेंगळूरच्या विधिमंडळाने आपल्या कायद्यात लिहिला. परिपत्रके मराठीतही द्या, ही मागणी म्हणून राज्यद्रोहाची ठरत नाही. ती राज्याच्याच कायद्याचे पालन करा, एवढीच आहे.

फलकांबाबतही कायदा आणि अफवा यांत अंतर आहे. २०२४ च्या दुरुस्तीने फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये, वरच्या बाजूस असावा असे बंधन घातले. उरलेल्या भागात दुसरी भाषा नको, असे त्यात म्हटलेले नाही. दुकानदाराने कन्नडचे बंधन पाळावे आणि खाली मराठी निर्धास्तपणे लिहावी.

नावाचे चार अवतार

भाषेच्या या प्रश्नाचा खरा फटका बसतो तो जमिनीच्या उताऱ्यावर. आजोबांचे नाव मोडीत लिहिलेले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद सहसा पाळला जात नसे. ते बाळबोधीत उतरले, तेव्हा कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे लिहिले. मग ते कन्नड लिपीत गेले. २००० नंतर 'भूमी' योजनेत उतारे संगणकावर चढले, तेव्हा पुन्हा एकदा टंकले गेले. आधार कार्डावर ते रोमन लिपीतही आले आणि तेथे ट-त, ड-द यांतला भेद पुसला गेला. एका माणसाची चार नावे झाली. वारसा फेरफाराच्या वेळी ही चार माणसे एकच आहेत, हे त्याच्या नातवाला सिद्ध करावे लागते. फेरफाराची सूचना न वाचता आल्यामुळे हरकतीची मुदत गेली, तर कायद्याने हक्क नाकारलेला नसतो; तो कागदावरच विरलेला असतो.

माहिती अधिकारातला खड्डा

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याबद्दल एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. कलम ६(१) नुसार अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करायचा असतो. अनुच्छेद ३५० ची व्यापक भाषा येथे नाही. म्हणून मराठीत दिलेला माहिती अर्ज तांत्रिक कारणावरून परत येऊ शकतो. असा अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा आणि गाऱ्हाण्याचे निवेदन मराठीत द्यावे. त्याच कायद्याच्या कलम ४(४) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषा ध्यानात घेऊन द्यावी असे म्हटले आहे. त्याचा आधार वेगळा घ्यावा.

दोन निकाल

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उत्तर प्रदेशात उर्दूला दिलेला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा वैध ठरवला. अनुच्छेद ३४५ खाली राज्य एकाहून अधिक भाषा स्वीकारू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. सर्व किंवा काही शासकीय प्रयोजनांसाठी, असे त्या अनुच्छेदाचे शब्दच आहेत. गोव्याने १९८७ साली कोकणीला राजभाषा करताना मराठीच्या शासकीय वापरालाही जागा ठेवली, ती याच वाटेने.

दुसरा निकाल १५ एप्रिल २०२५ चा, आणि तो महाराष्ट्रातला आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दू होती. महाराष्ट्राच्या २०२२ च्या कायद्याचा आधार घेऊन तिला हरकत घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने हरकत फेटाळली: मराठी राजभाषा आहे म्हणून फलकावर दुसरी भाषा निषिद्ध होत नाही. पातूरमधल्या उर्दूला जो न्याय मिळाला, तोच बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठीला हवा आहे. महाराष्ट्रातल्या आमच्या बांधवांनी तो निकाल आनंदाने स्वीकारला, तर येथे आमचा युक्तिवाद बळकट होईल. त्यावर नाक मुरडले, तर येथला प्रतिपक्ष ते आमच्याच तोंडावर फेकेल.

२००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जेव्हा लागायचा तेव्हा लागेल. वर सांगितलेला एकही हक्क त्या निकालाची वाट पाहत थांबलेला नाही. तेव्हा निवेदन मराठीत लिहावे, मथळ्याखाली अनुच्छेद ३५० चा उल्लेख करावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच नाकारली, तर तेच निवेदन स्पीड पोस्टाने पाठवावे. तेही नाकारून परत आले, तर लखोटा न फोडता जपून ठेवावा आणि त्याची प्रत जोडून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार करावी. तोंडी नकाराचा इतिहास लिहिता येत नाही. परत आलेल्या लखोट्याचा लिहिता येतो.