पुणतांब्याचा चितळकर

परवा मेहरूणमध्ये एक वरात चालली होती. बँडवाल्यांनी 'ईना मीना डीका' धरलं आणि माझ्या वर्गातली चार पोरं सरांना बघूनही नाचायची थांबली नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, गाणं कुणाचं? सगळे म्हणाले, किशोरकुमारचं. खरंच आहे. खांडवा म्हणजे भुसावळच्या पुढचंच गाव, किशोरकुमार आपल्याला घरचाच वाटतो. चाल कुणाची, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

चाल रामचंद्र नरहर चितळकरांची, म्हणजे सी. रामचंद्र यांची. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांब्याचा. मनमाडला गाडी बदलून दौंडकडे निघालं की हे गाव लागतं. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकलेला हा मुलगा हीरो व्हायला निघाला होता. ते जमलं नाही, तेव्हा सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना पेटीची साथ करू लागला. पुढे भगवानदादांनी 'सुखी जीवन' (१९४२) दिला आणि गाडी रुळावर आली.

चाली बांधायचे सी. रामचंद्र या नावाने, आणि गायचे फक्त 'चितळकर' म्हणून. त्यामुळे दोघे एकच आहेत हे कित्येकांच्या लक्षातच आलं नाही. (उर्दूत ळ नाही. फळ्यावर हे नाव उर्दूत लिहिलं तर आणखी तिसराच माणूस तयार होतो!) १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी इंग्रजी वळणाचं गाणं स्वतः गायलं. 'अलबेला' (१९५१) मध्ये तर बोंगो, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांची धमाल आहे. गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर होता. बिल हॅलीचा रॉक अँड रोलचा सिनेमा १९५६ चा, आपला 'आशा' १९५७ चा. म्हणजे नक्कल म्हणावी, तर हा माणूस आधीपासूनच त्या वाटेवर चालत होता. ईना-मीनाबद्दल असं सांगतात की बाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी बडबड कानावर पडली, आणि गोव्याच्या जॉन गोम्स या साहाय्यकाने त्यात 'माका नाका' जोडलं. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, उर्दूत मुरलेल्या माणसाचे. मला या गाण्यात हीच सरमिसळ सगळ्यात जास्त आवडते.

मग उतार लागला. लता मंगेशकरांशी बिनसलं, आणि तो आवाज गेल्यावर त्यांच्या चालींचं निम्मं बळ गेलं, असं माझं मत आहे. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नेहरूंसमोर लताबाईंनी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं, त्याची चालही यांचीच. देश रडला, पण काम काही परत आलं नाही. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) हे मराठी सिनेमे त्यांनी काढले, त्यांत भूमिकाही केल्या. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ ला ते गेले, चौसष्ट पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता.

भगवानदादांचं तर याहून वाईट झालं. जुहूचा बंगला गेला, गाड्या गेल्या. २००२ मध्ये ते दादरच्या चाळीत वारले. गणपतीत त्या चाळीवरून मिरवणूक जायची, तेव्हा बँडवाले थांबून 'अलबेला'ची गाणी वाजवायचे म्हणतात.